अकलूजचा घोडा आणि आमची मोटार

अकलूज ही माझी सासुरवाडी. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. या काळात मी अकलूजला किती वेळा गेलो, याचा हिशेब आमच्या घरात माझ्याखेरीज आणखी एका व्यक्तीने ठेवलेला आहे आणि तो माझ्या हिशेबापेक्षा नेहमी कमी भरतो. एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे. दरवेळी मी गेलो तो एस. टी. ने. स्वारगेटला बसायचे, इंदापूरला चहा प्यायचा आणि सराटीचा पूल आला की सौ.ने खिडकीतून नीरेला हात जोडायचे, हा आमचा ठरलेला क्रम. गेल्या दिवाळीत हा क्रम मोडला. आम्ही मोटार घेतली होती.

मोटार नवी नव्हती. नवी घेण्याइतका पगार मराठीच्या प्राध्यापकाला मिळत असेलही, पण तो घरापर्यंत पोचत नाही. ओळखीतल्या एकाच्या ओळखीचे एक सद्गृहस्थ आपली गाडी काढणार असल्याचे कळले. आम्ही दोघे रविवारी सकाळी बघायला गेलो. घर नीटनेटके, दारात तुळस, भिंतीवर ज्ञानेश्वर माउलींची तसबीर. गाडी पांढरीशुभ्र. किल्ली फिरवताच पहिल्या झटक्याला सुरू झाली. बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट लागले. "सकाळीच जरा फिरवून आणली," गृहस्थ म्हणाले. मला त्यांच्या तत्परतेचे कौतुक वाटले. मी "अ‍ॅव्हरेज काय देते?" असा एकमेव तांत्रिक प्रश्न विचारला, सौ.ने सीट कव्हरांचा रंग वाखाणला, पोहे झाले आणि तीन लाख चाळीस हजारांना व्यवहार ठरला. बँकेतली ठेव मुदतीआधी मोडली. दसऱ्याला गाडीला हार घातला. नावावर करण्याचे कागद दिवाळीनंतर पाठवू, असे दोघांच्या सोयीने ठरले.

सौ.ची एकच इच्छा होती. यंदाच्या भाऊबिजेला माहेरच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचे. धाकट्या भावाच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात. ती तसे कधी बोलली नाही, पण एकोणीस वर्षांत न बोललेले ऐकू यायला लागते.

पाडव्याला पहाटे निघालो. यवत गेले, भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे पक्षी पाहिले, इंदापूरला चहा झाला. इंदापूर सोडून सराटीच्या रस्त्याला लागलो तेव्हा समोरच्या तबकडीतला एक काटा वर सरकू लागल्याचे चिरंजीवांनी दाखवले. हा काटा कशाचा, यावर आमची चर्चा चालू असतानाच बॉनेटमधून वाफ निघाली. पूल पाव कोसावर होता.

दिवाळीचे दिवस म्हणजे गळिताच्या हंगामाचे दिवस. रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरांची ये-जा होती. एका भल्या माणसाने रिकामा ट्रॅक्टर थांबवला, दोर काढला आणि आमच्या गाडीला टोचन लावले. अशा रीतीने आम्ही नीरा ओलांडली. सौ.ने नदीला हात जोडले की नाही, हे मी वळून पाहिले नाही. माहेरच्या दारात ती उतरली ती गाडीतूनच, पण गाडीच्या पुढे ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरवर गाणे लागले होते.

ज्यांनी अकलूज पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, नीरेच्या दक्षिण काठावर हे गाव वसले आहे. इथून थोडे पूर्वेला, नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. काठावर अकलाईचे देऊळ आणि जुना भुईकोट किल्ला आहे. हल्ली किल्ल्यात शिवसृष्टी उभारली आहे, तिथे पोरासोरांची गर्दी असते. १६८९ च्या आरंभी संभाजीराजे पकडले गेल्याची बातमी औरंगजेबाला मिळाली ती अकलूजच्याच छावणीत. पुढे मोगलांनी गावाचे नाव असदनगर ठेवले, ते मोगलांबरोबरच गेले. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आले आणि माळरानावर ऊस उभा राहिला. शेजारच्या माळीनगरला सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात स्वतःचा साखर कारखाना काढला. पुढे सहकार आला आणि अकलूज साखरेबरोबर वाढले. एवढे वाढूनही ते २०२१ पर्यंत ग्रामपंचायतच होते, त्या साली नगरपरिषद झाली. मोटारींना मात्र अकलूजचा स्वतःचा क्रमांक आहे, एमएच ४५. लावणीच्या स्पर्धांनी गावाचे नाव राज्यभर नेले आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण इथल्या मैदानावर रंगते. अश्व धावतो, त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. घोड्याशी या गावाचे नाते असे श्रद्धेचे आहे. दुसरे नाते व्यवहाराचे आहे. दिवाळीच्या सुमारास इथे घोडेबाजार भरतो.

पाडव्याला कुठलाही मिस्त्री पाना हातात घ्यायला तयार नव्हता. माझे मेहुणे माळशिरसच्या कोर्टात वकिली करतात. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "दाजी, गाडी कुठं पळून जात नाही. चला, घोडी बघून येऊ."

बाजार समितीने भरवलेला तो बाजार म्हणजे तंबू आणि दोरखंडांचे एक गावच. मारवाडी घोडे, आत वळून टोकाला टोक भिडवणाऱ्या कानांचे. काठेवाडी घोडे, पांढरे शुभ्र नुकरे, कुठे चारी पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी. एकेकाळी याच भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांचे घोडदळ दौडले. आता राजस्थान-गुजरातचे व्यापारी इथे घोडे आणतात आणि लग्नाची वरात, शर्यत, नाचकाम किंवा नुसती हौस यांसाठी ते विकले जातात. किमती ऐकून आमच्या मोटारीची किंमत मी मनातच ठेवली.

एका काळ्या घोड्याभोवती घोळका जमला होता. घेणारे एक म्हातारे शेतकरी होते, डोक्याला फेटा, पायात जाड वहाणा. त्यांनी आधी किंमत विचारलीच नाही. घोड्याचा ओठ वर करून दात पाहिले. वकीलसाहेब मला समजावू लागले. अडीच वर्षांच्या सुमाराला घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड भरते. मग खालच्या दातांवरचे काळे खळगे वर्षागणिक झिजत जातात आणि आठाच्या पुढे नेमके वय सांगणे कठीण होते. दात कानशीने घासून वय चोरण्याची युक्तीही जगभर जुनी आहे. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे आपण म्हणतो. विकतच्या घोड्याचे मात्र मोजावेच लागतात.

म्हाताऱ्यांनी मग भोवरे पाहिले. कंठावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा भोवरा अशुभ. डोळ्यांसमोर हात हलवून पापणी मिटते का पाहिले, चारी खूर उचलून पाहिले. शेवटी ते विक्रेत्याला म्हणाले, "आता ह्याला बांधून ठेवा. घंटाभरानं येतो."

"एवढं पाहिलं आणि निघाले कुठे?" मी विचारले.

म्हातारे माझ्याकडे वळले. "सर, मी आलो तवा हे त्याला फिरवीतच हुते. फिरवलेल्या घोड्याचं लंगडणं झाकतं. सांधा धरलेला आसला तरी अंग तापलं की मोकळा चालतोय. घोडा थंड बघायचा. थंड घोडा कडक जमिनीवर पळवायचा आन मान बघायची. दुखरा पाय टेकला की मान वर उडती."

मी गप्प झालो. माझ्या तळहाताला त्या रविवारचे कोमट बॉनेट आठवले.

भाऊबिजेच्या सकाळी ओवाळणी आटोपून मिस्त्री आले. पंचविशीचा पोरगा, पण त्याने गाडी म्हाताऱ्यांच्या रीतीनेच पाहिली. आधी नंबर वाचला. "एमएच दहा. सांगलीची गाडी. सर, २०१९ ला ही कुठं होती?" मला ठाऊक नव्हते. त्याने तेलाचे झाकण उघडले, आतले तेल दुधाच्या चहासारखे झाले होते. म्हणजे पाणी तेलात गेले, हेड गॅस्केट उडाली. रेडिएटरमध्ये कुलंटऐवजी नुसते पाणी होते, गंजाने लालसर झालेले. मग त्याने सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. रोज हाताशी येणारा भाग स्वच्छ होता, आत गुंडाळून राहिलेल्या भागावर मातकट रेघ उमटली होती. पायाखालचा गालिचा उचलला. खाली मऊ गाळाचा पापुद्रा होता, पिठीसारखा. सीटच्या खालचे बोल्ट गंजले होते.

"हिनं पूर बघितलाय, सर."

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा कोपल्या तेव्हा सांगली-कोल्हापूर दिवसचे दिवस पाण्यात होते. माणसांचे संसार बुडाले, तिथे मोटारींची काय कथा. त्यांतल्या काही मोटारी वाळवून, धुऊन, अत्तर मारून रस्त्याला लागल्या असणार. त्यांतली एक आमच्या वाट्याला आली होती. मिस्त्रीने आणखी एक गोष्ट दाखवली. तबकडीवर बेचाळीस हजार किलोमीटर होते, पण क्लचच्या पायटीचे रबर झिजून आतले लोखंड दिसत होते. "रबर खोटं बोलत नाही," तो म्हणाला. हेड काढून फेसिंगला द्यायचे, गॅस्केट आणि रेडिएटर नवे, एकंदर खर्च अडतीस हजार.

मी गृहस्थांना फोन लावला. आवाज चढला असेल, नाकारत नाही. ते शांतपणे म्हणाले, "सर, आपण पुराचं विचारलंच नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

रात्री जेवणे झाल्यावर मी वकीलसाहेबांना म्हटले, "ही फसवणूक नाही तर काय?" त्यांनी मोबाईलवर १८७२ चा करार कायदा काढला आणि हसून म्हणाले, "दाजी, योग बघा. कायद्यातसुद्धा घोडाच आहे."

खरोखरच आहे. फसवणूक म्हणजे काय हे त्या कायद्याच्या सतराव्या कलमात सांगितले आहे आणि ते समजावण्यासाठी घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक माणूस लिलावात आपला सदोष घोडा विकतो, दोष त्याला ठाऊक आहे, तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प राहणे हा गुन्हा नाही. दुसरे उदाहरण. घेणारी त्याची स्वतःचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र नात्यामुळे बोलणे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण मला फार आवडले. घेणारा म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो." विकणारा गप्प राहतो. इथे त्याचे गप्प राहणे बोलण्याइतकेच आहे.

बावीस वर्षे मी वर्गात मौनाची थोरवी शिकवली. मौनाचे तीन प्रकार असतात आणि त्यांतला एकच निरपराध असतो, हे मला अकलूजच्या ओसरीवर कळले.

"म्हणजे आपण एवढंच म्हणायला हवं होतं?" सौ. म्हणाली. "'काही दोष असेल तर आत्ताच सांगा, नाही सांगितलं तर नाही असं धरतो.' एका वाक्याचं काम!"

"आणि ते मोबाईलवर लिहून पाठवायचं," वकीलसाहेब म्हणाले. मग त्यांनी गृहस्थांचे जुने संदेश वाचले. एकात लिहिले होते, गाडीला आजवर काही खर्च निघालेला नाही. "हे मौन नाही. हे खरं नसल्याचं त्यांना ठाऊक असेल आणि आपण ते सिद्ध केलं, तर ही सरळ फसवणूक. पण पुराविषयी ते गप्प राहिले, तिथं कोर्ट उलट विचारेल, साध्या काळजीनं कळलं असतं ते तुम्ही पाहिलंत का? दुकानदाराकडून घेतली असती तर गोष्ट वेगळी. घरगुती व्यवहारात कायदा घेणाऱ्यालाच डोळे उघडे ठेवायला सांगतो." एवढे बोलून ते एकदम गंभीर झाले. "ते जाऊ द्या. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे ना? आणि विमा?"

मी मान हलवली. त्यांनी मला समजावले ते वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. नमुना २९ आणि ३० हे त्याचे कागद. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ वेगळा. विमा स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विक्री झाली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. म्हणजे सराटीच्या पुलावर आमच्या हातून कुणाला इजा झाली असती, तर भरपाईचा दावा पुण्यातल्या त्या शांत गृहस्थांवर गेला असता. त्यांच्या मौनाचा मला राग आला होता. माझ्या आळसाने त्यांच्या गळ्यात केवढे लोढणे अडकवले होते, हे मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा फोन केला. भांडायला नव्हे. कागदांचे सांगितले, पुढल्या आठवड्यात आपण दोघे कार्यालयात जाऊ म्हटले. मग विचारले, "आता विचारतोच. पुराचं आपल्याला ठाऊक होतं?" बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "घेतल्यावर वर्षानं कळलं. मलाही घेताना कुणी सांगितलं नव्हतं हो, सर."

गाडी तयार व्हायला पाच दिवस लागले. दिवाळीची सुटी होती, सासूबाईंना नातवंडे मिळाली, कुणाची तक्रार नव्हती. सहाव्या दिवशी मी पैसे द्यायला गॅरेजवर गेलो. सौ. बरोबर होती. गाडी धुऊन उन्हात उभी होती, दसऱ्याला दिसली होती तशीच. तिथे एक तरुण शेतकरी आपली मोटारसायकल दुरुस्त करून घेत होता. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, "सर, देणार का? आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं. तीन लाख साठ हजार देतो." मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "जास्त बघत बसत नाही. तुम्ही शिकवणारी माणसं. काय आसतं तर सांगितलंच आसतं की."

हिशेब लख्ख होता. आमचे सगळे पैसे जवळजवळ भरून येत होते. हेड नवे झाले होते, गाडी उत्तम चालत होती, एकही शब्द खोटा बोलायची गरज नव्हती. नुसते गप्प राहायचे होते. आणि त्या पोराने, कायद्याचे पुस्तक न उघडता, तिसऱ्या घोड्याचे वाक्य जसेच्या तसे माझ्यापुढे ठेवले होते.

मी सौ.कडे पाहिले. ती सीट कव्हरांकडे पाहत होती.

मी त्याला गाडीपाशी नेले. पट्टा शेवटपर्यंत ओढून रेघ दाखवली, गालिचा उचलला, क्लचचे रबर दाखवले. पूर, किलोमीटर, गॅस्केट, अडतीस हजार, सगळे सांगितले. मिस्त्री पाने पुसत ऐकत होता. तरुणाचा चेहरा हळूहळू उतरला. "आईला घेऊन रस्त्यात उभी राहिली तर..." तो म्हणाला आणि वाक्य पुरे केले नाही. मग म्हणाला, "नको सर. पण बरं झालं सांगितलं." मी त्याला म्हातारबाबांचा मंत्र दिला. कुठलीही गाडी बघायला जाशील तर आदल्या रात्री सांगून ठेव, मी येईपर्यंत किल्ली लावू नका. मिस्त्रीला बरोबर ने. त्याला देशील ते पाचशे रुपये खर्चात धरू नकोस.

परत निघालो तेव्हा सासूबाईंनी डब्यात चिवडा दिला आणि गाडीवरून मिरच्या ओवाळून टाकल्या. सराटीच्या पुलावर सौ.ने नीरेला हात जोडले. काटा मध्यावर होता. भिगवणपर्यंत ती काही बोलली नाही. मी मनात मौनाचे प्रकार लावून पाहत होतो, पण बायकोचे मौन करार कायद्यात बसत नाही.

यवतच्या अलीकडे ती म्हणाली, "वीस हजार वर देत होता."

"हो."

"त्याची आई आपल्या गाडीत बसली असती, तर मला झोप लागली नसती." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "सीट कव्हरं मात्र खरंच चांगली आहेत."

गाडी आता आमच्या नावावर आहे. तिचा भूतकाळ आम्हाला ठाऊक आहे, म्हणून पाणी आणि तेल रोज सकाळी, ती थंड असताना पाहतो. यंदाच्या भाऊबिजेलाही तिनेच जायचे आहे. कुणाला ती हवी असेल तर खुशाल विचारावे. न विचारल्यासही सांगितले जाईल.